तोतया आता फोनवर येतो

 

या मालिकेत आजवर आपण लढाया, किल्ले, मोहिमा यांविषयी बोललो. आजचा विषयही लढाईचाच आहे, पण ती आपल्या बैठकीच्या खोलीत, मोबाइलवर चालू आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने आपल्या माणसांचा आवाज, चेहरा उचलून होणाऱ्या फसवणुकीविषयी मला बोलायचं आहे. मी संगणकतज्ज्ञ नाही. फौजेत तीस वर्षं काढलेला, इतिहासाची आवड असलेला माणूस आहे. त्यामुळे या विषयाकडे मी इतिहासाच्या बाजूनेच येणार आहे. कारण यंत्र नवं असलं तरी तोतया जुना आहे. आपल्या मराठी इतिहासात तर तो इतका मोठा होऊन गेला की त्याच्या नावाने बंड ओळखलं जातं.

पण आधी घरातली गोष्ट सांगतो.

माझ्या थोरल्या वहिनी तात्यापाऱ्यात राहतात. वय चौऱ्याहत्तर. भाऊ गेल्यापासून एकट्याच. मुलगा नोकरीनिमित्त हैदराबादला. गेल्या वर्षी एका दुपारी त्यांना फोन आला. नंबर अनोळखी, पण आवाज मुलाचा. "आई गं, मी बोलतोय. माझ्या गाडीची एका माणसाला धडक बसली. मी ठाण्यात आहे. माझा मोबाइल काढून घेतलाय. कुणाला सांगू नकोस, हे साहेब सांगतील तसं कर." मग दुसरा माणूस बोलू लागला. तो स्वतःला वकील म्हणवत होता. जखमी माणसाच्या घरच्यांशी तडजोड झाली नाही तर रात्र कोठडीत जाईल, म्हणाला. वहिनींनी मुदत ठेव मोडली आणि एक लाख ऐंशी हजार रुपये सांगितलेल्या खात्यावर पाठवले. पुतण्या त्या वेळी आपल्या कार्यालयात निवांत काम करत होता.

तो आवाज यंत्राने बनवलेला होता हे कुणी प्रयोगशाळेत तपासलेलं नाही. पण वहिनी आजही शपथेवर सांगतात की आवाज त्याचाच होता, ती "आई गं" म्हणायची लकबसुद्धा त्याचीच. काही महिन्यांपूर्वी पुतण्याने आपल्या मुलाच्या मुंजीचा व्हिडिओ सगळ्यांना पाहता येईल असा टाकला होता. त्यात तो पाच मिनिटं बोलला आहे.

पैसे गेले, त्याहून वाईट गोष्ट पुढे घडली. त्याच रात्री मुलाचा नेहमीसारखा फोन आला आणि वहिनींना सगळं कळलं. तरी नऊ दिवस त्या कुणाशी बोलल्या नाहीत. दहाव्या दिवशी मला सांगितलं. आणि मी काय केलं? मी फौजी आवाजात म्हणालो, "वहिनी, एवढंही कळलं नाही तुम्हाला? पोराचा आवाज ओळखता येत नाही?" त्या एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, ओळखला म्हणूनच तर पाठवले." त्यानंतर महिनाभर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. तक्रार केली तोपर्यंत पैसे किती खात्यांतून फिरून गेले होते कोण जाणे. नऊ दिवस त्या गप्प का राहिल्या, हे मला फार उशिरा उमगलं. मी बोललो तेच वाक्य कुणीतरी बोलेल, याची त्यांना भीती होती.

त्या महिन्यात मी तोतयाच्या बंडाविषयी पुन्हा वाचायला घेतलं. वाचता वाचता माझी मान खाली गेली. का, ते सांगतो.

१४ जानेवारी १७६१. पानिपत. विश्वासराव पडले आणि सदाशिवरावभाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर बसून गर्दीत घुसले, ते परत दिसले नाहीत. शुजाउद्दौलाच्या पदरी असलेल्या काशीराज पंडितांनी नंतर शोध घेऊन भाऊंचा देह ओळखल्याचं आणि त्यावर अंत्यसंस्कार झाल्याचं लिहून ठेवलं आहे. पण देह मिळाला त्याला शिर नव्हतं. झालं. हजारो घरांत माणसं परतली नव्हती आणि प्रत्येक घराला वाटत होतं की आपला माणूस कुठेतरी जिवंत असेल. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई स्वतः पानिपतावर होत्या, तिथून वाचून परत आल्या. त्यांनी वैधव्य स्वीकारलंच नाही. १७८३ मध्ये त्या वारल्या, तोवर बावीस वर्षं त्या सौभाग्यवती म्हणूनच राहिल्या.

अशा हवेत तोतया उगवतो. पानिपतानंतर थोड्याच वर्षांत उत्तरेत एक माणूस "मीच भाऊ" असं सांगत फिरू लागला. तो कनोजकडचा ब्राह्मण. नाव कुठे सुखलाल, कुठे सुखनिधान असं येतं. दिसायला भाऊंसारखा होता म्हणतात. माधवराव पेशव्यांच्या काळात त्याला पकडलं, चौकशी झाली, तोतया ठरला आणि वेगवेगळ्या किल्ल्यांवर कैदेत राहिला. शेवटी त्याला रत्नागिरीला ठेवलं.

इथे प्रकरण संपायला हवं होतं. पण १७७६ साल पाहा. नारायणरावांचा खून होऊन तीन वर्षं झालेली, गादीवर लहान मूल, राघोबादादा इंग्रजांच्या आश्रयाला गेलेले, पुण्याच्या कारभाऱ्यांवर सगळीकडून दडपण. अशा वेळी रत्नागिरीचा कारभार पाहणाऱ्या रामचंद्र नाईक परांजपे यांनी या कैद्याला बाहेर काढलं आणि भाऊसाहेब म्हणून पुढे उभं केलं. काही महिन्यांत हजारो माणसं त्याच्या निशाणाखाली जमली आणि कोकणातले किल्ले त्याच्या हाती गेले. ही सगळी माणसं भोळी होती का? त्यांत किल्लेदार होते, शिपाई होते, हिशेब जाणणारे कारकून होते. मंडळी, एकदा चौकशी होऊन खोटा ठरलेला माणूस, आणि तरीही लोक त्याच्या मागे गेले! मग एका चौऱ्याहत्तर वर्षांच्या आईला मी कोणत्या तोंडाने विचारत होतो की तुम्हाला कळलं कसं नाही?

लोक का फसले, याची मला तीन कारणं दिसतात. काहींना आशा होती की आपले भाऊसाहेब परत आलेच असतील. काहींना भीती होती की हा खरा निघाला आणि आपण संशय घेतला, तर पुढे आपलं काय होईल. आणि काहींचा त्यात फायदा होता. आशा, भीती आणि लोभ. आजचे ठगसुद्धा याच तीन दोऱ्या ओढतात. परतावा दुप्पट देणारी जाहिरात लोभावर चालते. "तुमच्या नावाच्या पार्सलात अमली पदार्थ सापडले" हा फोन भीतीवर चालतो. आणि "आई, मी अडकलोय" हा फोन मायेवर चालतो. तो सगळ्यात निर्दय.

आता तोतया हरला कसा, ते पाहू. महादजी शिंदे आणि भिवराव पानसे यांच्या फौजांनी त्याचा मोड केला. तो मुंबईकडे इंग्रजांच्या आश्रयाला निघाला असता कुलाब्याच्या राघोजी आंग्र्यांनी त्याला पकडून पुण्याला दिलं. तिथे जाणत्या माणसांपुढे पुन्हा उघड चौकशी झाली आणि डिसेंबर १७७६ मध्ये त्याला देहदंड झाला. यात एक गोष्ट माझ्या नजरेत भरते. नाना फडणीस आणि महादजी शिंदे हे दोघेही पानिपताहून जीव वाचवून आलेले होते. नाना तेव्हा एकोणीस वर्षांचेही झाले नव्हते. महादजी त्या पळापळीत पायाने कायमचे अधू झाले. खऱ्या भाऊंना या दोघांनी पाहिलं होतं. तरी "पाहताच ओळखू" यावर काम भागवलं नाही. चौकशी केली, साक्षी काढल्या, आणि ते चारचौघांसमोर केलं. चेहऱ्याशी चेहरा जुळला म्हणून कुणाला खरा मानलं नाही.

आपल्या जुन्या कारभाराला ही शहाणीव होती. 'शिक्कामोर्तब' हा शब्द आपण रोज वापरतो. शिक्का कागदाच्या माथ्यावर आणि मोर्तब शेवटी. मजकूर इथे संपला, याखाली कुणी ओळ घुसडली तर ती आमची नव्हे, असा त्या मोर्तबाचा अर्थ. 'दस्तुरखुद्द' म्हणजे स्वतःच्या हाताने लिहिलेलं. एवढी काळजी घेऊनही फसवणूक होत होती. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी खून केला. 'धरावे' या शब्दातल्या 'ध'चा 'मा' झाला, अशी कथा आहे. कुणी केला, खरंच केला का, यावर इतिहासकारांत मतभेद आहेत. पण 'ध चा मा करणे' हा वाक्प्रचार आपल्या तोंडी बसला, कारण एका अक्षराने माणूस मरू शकतो हे लोकांना पटलं होतं.

आणि ही विद्या आपणही वापरली आहे, हे विसरायला नको. ऑगस्ट १६६६ मध्ये शिवाजी महाराज आग्र्याहून निसटले, तेव्हा त्यांच्या जागी हिरोजी फर्जंद पांघरूण घेऊन निजले होते. महाराजांच्या हातातलं कडं घातलेला हात तेवढा बाहेर ठेवला होता, असं सांगतात. पहारेकरी डोकावून जात होते. त्यांना कडं दिसत होतं, म्हणून महाराज आत आहेत असं ते धरून चालले. त्या दिवशी चूक पहारेकऱ्यांची होती आणि फायदा स्वराज्याचा झाला. आज आपण त्या पहारेकऱ्यांच्या जागी आहोत. मोबाइलवर दिसणारा चेहरा म्हणजे पांघरुणाबाहेर काढलेला तो हात. आत कोण निजलंय, हे आपल्याला दिसत नाही.

आता आजच्या काळाकडे येतो. जानेवारी २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी एक प्रणाली जाहीर केली. माणसाच्या बोलण्याचा अवघा तीन सेकंदांचा नमुना घेऊन ती त्याच्या आवाजात हवं ते बोलू शकते. तीन सेकंद म्हणजे तुमच्या व्हॉट्सॲप स्टेटसवरचं "दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा" एवढं वाक्य पुरे.

जानेवारी २०२४ मध्ये सचिन तेंडुलकर यांचा एक व्हिडिओ फिरला. त्यात ते एका मोबाइल गेमच्या ॲपची शिफारस करत होते आणि आपल्या मुलीचंही नाव घेत होते. व्हिडिओ बनावट असल्याचं त्यांना स्वतः जाहीर करावं लागलं आणि मुंबईत गुन्हा नोंदवला गेला. ज्या माणसाचा आवाज आपण पस्तीस वर्षं ऐकतो आहोत, त्याचीही नक्कल होते.

त्याच वर्षी हाँगकाँगमध्ये एका बड्या अभियांत्रिकी कंपनीतला कर्मचारी व्हिडिओ बैठकीला बसला. पडद्यावर त्याच्या कंपनीचे मोठे अधिकारी, ओळखीचे सहकारी दिसत होते. त्यांच्या सांगण्यावरून त्याने सुमारे वीस कोटी हाँगकाँग डॉलर पाठवले. नंतर कळलं की त्या बैठकीत खरा माणूस तो एकटाच होता.

आणि ऑगस्ट २०२४ मधलं वर्धमान उद्योगसमूहाच्या एस. पी. ओसवाल यांचं प्रकरण. पद्मभूषण मिळालेले, ऐंशी ओलांडलेले, आयुष्यभर कोट्यवधींचे व्यवहार केलेले उद्योगपती. ठगांनी सीबीआयचे अधिकारी असल्याची बतावणी केली, ऑनलाइन खोटं सर्वोच्च न्यायालय भरवलं आणि त्यात सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांचा तोतया बसवला. सात कोटी रुपये गेले. तक्रार झाली म्हणून त्यातले सव्वापाच कोटी पोलिसांना परत मिळवता आले. इथे आवाज यंत्राचा होता की माणसाचा, हा मुद्दा गौण आहे. सरन्यायाधीशांचा तोतया उभा राहतो, तिथे पुतण्याचा उभा राहणं काय कठीण?

एक उदाहरण उलट्या बाजूचंही आहे. भारती एअरटेलचे सुनील मित्तल यांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये सांगितलं की त्यांच्या आवाजात दुबईतल्या त्यांच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याला फोन गेला आणि मोठी रक्कम पाठवायला सांगितलं. ते ध्वनिमुद्रण ऐकून मित्तल स्वतःच चकित झाले, इतका तो आवाज हुबेहूब होता. पण अधिकारी फसला नाही, कारण मागणीच खटकणारी होती. हे लक्षात ठेवा. त्याचा कान फसला असता, त्याला वाचवलं ते विचाराने.

आपल्यासारख्या महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसांसाठी यात आणखी एक धोका आहे. १७५८ मध्ये बिंबाजी भोसले रतनपूरला आले, तेव्हापासून छत्तीसगडात मराठी घरं आहेत. इथे परक्या गर्दीत कुणी "काय हो, कुठले तुम्ही?" असं विचारलं की आपला अर्धा संशय तिथेच गळून पडतो. भाषा हीच आपली ओळखीची खूण होती. इंदूर, बडोदा, हैदराबाद, बेळगाव, कुठल्याही ठिकाणच्या मराठी माणसाला हा अनुभव असेल. पूर्वी ठगाचा फोन यायचा तो मोडक्यातोडक्या हिंदीत, म्हणून आपण सावध व्हायचो. आता यंत्र मराठी बोलतं, "आई गं" सुद्धा म्हणतं. तेव्हा मराठी बोलतो म्हणून आपला, हा हिशेब सोडावा लागेल. त्यात आपली मुलं पुण्याला, बंगळुरूला, अमेरिकेत. त्यांचं आपल्याशी नातं उरलं आहे ते फोनच्या आवाजापुरतं. ठगाने नेमका तोच धागा पकडला आहे.

मग करायचं काय? इथे मला माझ्या पलटणीतला एक जवान आठवतो.

मी नवा लेफ्टनंट होतो. पूंछ भागात रात्रीच्या गस्तीवरून तुकडी घेऊन परतत होतो. थंडी मी म्हणत होती, पोरं दमली होती. मोर्चावरच्या संत्र्याने आवाज दिला, "थम! कौन आता है?" मी चिडून नाव सांगितलं. तो सातारकडचा पोरगा, रोज माझ्याशी बोलणारा. अंधारातून म्हणाला, "सायेब, आवाज वळखला. पन सबुद सांगा." त्या रात्रीचा ठरलेला शब्द सांगितला, तेव्हाच त्याने रायफल खाली केली. मला क्षणभर राग आला होता. सकाळी मी त्याला सगळ्यांसमोर शाबासकी दिली. कारण माझा आवाज काढून शत्रू आत आला असता तर त्या मोर्चातले आठ जण मेले असते. आणि तो शब्द रोज बदलत असे.

घरालाही असा शब्द हवा. आज रात्रीच घरातल्या सगळ्यांनी मिळून एक शब्द ठरवा. जन्मतारीख नको, कुत्र्याचं नाव नको, जे व्हिडिओत किंवा फोटोखाली सापडेल असं काहीही नको. तो व्हॉट्सॲपवर लिहू नका, मोबाइलमध्ये साठवू नका. तोंडी सांगा, पाठ करा. संकटाचा फोन आला, पैशाची मागणी झाली, की आधी शब्द विचारायचा. शब्द आठवत नसेल तर दोघांनाच ठाऊक असलेली जुनी गोष्ट विचारा.

ही युक्तीसुद्धा माझी नाही. आमच्या रायपूरपासून पंचवीस-तीस किलोमीटरवर चंदखुरीला कौसल्यामातेचं मंदिर आहे. हा मुलूख आम्ही श्रीरामाचं आजोळ मानतो. त्यामुळे रामायण इथे घरचं. मारीचाने रामाचा आवाज काढून सीतेला आणि लक्ष्मणाला हाक मारली, हे आपण लहानपणी ऐकलं. लक्ष्मणाला संशय आला होता, पण सीतेने त्याला कठोर बोलून पाठवलं, कारण हाक आपल्या माणसाची वाटत होती. पुढे लंकेत हनुमान भेटला, तेव्हा तीच सीता सावध झालेली दिसते. हा रावणच रूप घेऊन आला असेल, असं तिला वाटलं. तिने प्रश्न विचारले, अंगठी पाहिली. आणि परतताना तिने हनुमानाजवळ रामासाठी खूण म्हणून काय दिलं? चूडामणी दिला, आणि त्याबरोबर एका कावळ्याची, दोघांनाच ठाऊक असलेली आठवण सांगितली. दागिना चोरता येतो. दोघांच्यातली आठवण चोरता येत नाही.

दुसरी गोष्ट, फोन ठेवा. समोरचा "ठेवू नका" म्हणतो, तेव्हा तर नक्की ठेवा. मग आपल्याकडे आधीपासून साठवलेल्या नंबरवर स्वतः फोन लावा. त्याने उचलला नाही तर सुनेला, मित्राला, शेजाऱ्याला लावा. पडद्यावर दिसणाऱ्या नावावर आणि नंबरवर भरवसा ठेवू नका, तेही खोटं दाखवता येतं. व्हिडिओ कॉलवर चेहरा दिसला, म्हणजे खात्री झाली असंही समजू नका. मान वळवायला किंवा तोंडावरून हात फिरवायला सांगितलं तर कधी नक्कल उघडी पडते, पण कधी पडत नाही. शब्द विचारणं आणि उलटा फोन लावणं, हेच पक्कं.

तिसरी गोष्ट, दोन किल्ल्या. फौजेत महत्त्वाचं कोठार एकट्याच्या किल्लीने उघडू नये असा दंडक असतो. घरातही ठरवा की अमुक रकमेपेक्षा जास्त पैसे अचानक पाठवायचे असतील तर दुसऱ्या एका माणसाला विचारल्याशिवाय पाठवायचे नाहीत. "कुणाला सांगू नकोस" असं फोनवरचा माणूस म्हणाला, की दुसरी किल्ली हुडकायची वेळ झाली असं समजा. घाई करणारा आणि गुपित ठेवायला लावणारा, हे दोन्ही एकाच माणसात दिसले तर तो तोतया आहे असंच धरा.

चौथी, 'डिजिटल अरेस्ट' नावाची कोणतीही गोष्ट आपल्या कायद्यात नाही. पोलीस, सीबीआय, न्यायालय, कुणीही व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही आणि चौकशीसाठी पैसे मागत नाही. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये थांबा, विचार करा, कृती करा असं आवाहन याच विषयावर केलं होतं. माझ्यासारख्या निवृत्तिवेतनधारकांनी नोव्हेंबरमध्ये विशेष जपावं. हयातीच्या दाखल्याच्या नावाखाली फोन येतात. फोनवर ओटीपी मागणारा कुणीही असो, देऊ नका.

पाचवी, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची. फसवणूक झाली तर त्याच घटकेला १९३० वर फोन करा. ही केंद्रीय गृहमंत्रालयाची हेल्पलाइन आहे. सोबत आपल्या बँकेला कळवा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी ते गोठवता येतात, म्हणून मिनिटं मोजायची असतात. वहिनींनी त्याच रात्री फोन केला असता तर कदाचित काही वाचलं असतं. नऊ दिवस लाजेत गेले. आणि ती लाज आम्ही घरच्यांनीच तयार केली होती. म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांना आजच सांगून ठेवा, "काहीही झालं तरी मला लगेच सांगा, मी एक शब्द बोलणार नाही." आणि मग खरोखर बोलू नका.

दिवाळीला पुतण्या घरी आला होता. मी वहिनींकडे गेलो, आधी माफी मागितली. मग आम्ही सगळे स्वयंपाकघरात बसलो आणि शब्द ठरवला. कोणता ते अर्थातच सांगणार नाही. एवढं सांगतो की तो वहिनींनी सुचवला, त्यांच्या माहेरच्या एका पदार्थाशी त्याचा संबंध आहे आणि पुतण्या तो ऐकून हसला. पुतण्या म्हणाला, "काका, आईने मला असं विचारायचं म्हणजे कसंतरीच वाटतं." मी त्याला संत्र्याची गोष्ट सांगितली. विचारणारा अविश्वास दाखवत नाही, तो पहारा देत असतो. ज्याला विचारलं त्याने रागवायचं नसतं.

मागच्या आठवड्यात मी एका कामासाठी वहिनींना फोन केला. वीज बिलाचे बाराशे रुपये माझ्या खात्यात पाठवा, एवढंच म्हणालो. पलीकडून क्षणभर शांतता, आणि मग प्रश्न आला, "भाऊजी, शब्द?"

बाराशे रुपयांसाठी! पण मी शब्द सांगितला आणि म्हणालो, "शाबास."

मंडळी, हा भाग पाहून किंवा वाचून झाला की मोबाइल बाजूला ठेवा आणि घरातल्यांना हाक मारा. शब्द आजच ठरवा. पुढच्या भागात पुन्हा किल्ल्यांकडे वळू. जय हिंद.